दोन बोटं

नाल्यातला तो दगड माझ्या जीपला ओळखतो.
सात वर्षं, आठवड्यातून दोनदा,
हौजिंगच्या पोटावर त्याची सही:
एक लांब चरा, त्यावर आडवा दुसरा,
आणि परवा तेलाचा थेंब.

कुरखेड्याच्या फाट्यावर शालिक लांजेवार
गाडीखाली सरकला, तो बराच वेळ आलाच नाही.
चपला तेवढ्या दिसत होत्या, एक निळी, एक तपकिरी.
मग आतूनच आवाज:
"किती उचलू जी? बोटात सांगा."

मी म्हटलं, चार.
तो हसला. जमिनीशी तोंड असताना माणूस हसला
की धूळ उडते.
"चार बोटं उचललं त तनसाची बंडी होईल गाडीची.
उतारावर कोनाकडं झुकल, तिलेच नाई मालूम.
अन् मागं का ठेवता तुमी?"

मागे मी नायट्रोजनची टाकी ठेवतो.
तिच्यात, हात घातला तर हात राहणार नाही अशा थंडीत,
साहिवालची, गवळाऊची वासरं,
अजून वासरं न झालेली,
गव्हाच्या काडीएवढ्या नळ्यांत उभी.
टाकी आडवी झाली
की पांढरं धुकं, आणि मग काहीच नाही.

शालिक चहा पीत एकेक गोष्ट बाजूला टाकत गेला.
लांब शॅकल? स्वस्त.
पण पुढची चाकं आपल्या मनानं फिरायला लागतील.
एक्सलवर लोखंडी ठोकळा?
"पुढच्या अंगाले त बापजल्मात नाई."
नागपूरचं तयार किट?
खोक्यावरच्या चित्रात एक लाल गाडी
वाळूवरून उडत होती.
"उडाली तुमची जीप, त गाय कोन भरवल?"

उरलं ते कमानी उतरवणं.
पाटे सुटे करायचे, भट्टीत घालायचे, नवा बाक द्यायचा,
वर एक पाटा जास्तीचा,
शॉकअप बेताने लांब,
आणि ब्रेकचा पाइप असा
की चाक खड्ड्यात लोंबलं तरी त्याला ताण नको.
दोन बोटं. त्याच्या बोटांनी, माझ्या नाही.

भट्टीपाशी त्याची पोरगी, करुणा.
आयटीआयची वही कोनाड्यात, तिच्यावर पाना.
ती लोखंडाकडे बघत होती, घड्याळाकडे नाही.
"थांबा. पिकल्या टेंभरावानी होऊ द्या."
मग तेलात. चर्रर्र.
कुत्रं उठून रस्त्यापलीकडे गेलं.

जुने यू-बोल्ट मी पुसून पुढे केले.
तिने घेतले, भंगारात टाकले, नवे काढले.
हिशोबात त्यांचे वेगळे पैसे लागले,
हे मला नंतर कळलं.

तोवर रैजीबाई हलामीचा फोन.
गाय सकाळपासून ओरडते आहे,
दावं तोडायला बघते आहे.
माज काही माझ्या गॅरेजसाठी थांबत नाही.
मी म्हटलं, आवळून टाका शालिकभाऊ, निघतो.

"लोंबत्या गाडीचे बोल्ट आवरत नसते जी.
बुश फाटते.
आदी खाली येऊ द्या, सोताच्या वजनावर बसू द्या."

जॅक उतरला. जीप कुरकुरली,
नव्या जागी अंग टाकावं तशी दोनदा हलली.
मग त्याने टाकी ठेवायला लावली,
खनिज मिश्रणाची पोती,
शेवटी मलाही बसवलं सीटवर,
आणि माझ्या खाली झोपून
एकेक बोल्ट आवळला.
प्रत्येक पिळाला माझ्या बुडाखाली टक्.

नाल्याशी पोचलो तेव्हा अंधार झाला होता.
पहिल्या गिअरमध्ये, दात आवळून,
कान खाली लावून
त्या आवाजाची वाट बघितली.
पाणी वाजलं. वाळू वाजली. पलीकडे गेलो.

मला ते पटेना.
गाडी मागे घेतली, दगडावर आणून थांबवली,
बुटांसकट पाण्यात उतरलो,
गुडघे टेकून आत हात घातला:
वर हौजिंग, खाली दगड,
मध्ये माझी दोन बोटं,
आणि करंगळीही बसत होती.
तिथेच बसून राहिलो जरा. दगडाला तेलाचा वास होता.

समोरच्या काठावर बॅटरी हलली.
"डाक्टर," रैजीबाई ओरडली,
"गाय इकडं आहे!"